अकरा नंबरच्या रक्तात दोन औषधं

१

अकरा नंबरच्या रक्तात दोन्ही औषधं सापडली आणि सात नंबरच्या रक्तात एकही सापडलं नाही. मंगळवारी सकाळी साडेनऊला ही बातमी रुग्णालयात पोचली आणि दहा वाजता दिगंबर फाटकांचा फोन वाजला. ते तेव्हा गॅलरीत बसून शेपूची जुडी निवडत होते. बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ते स्वयंपाक शिकले होते, म्हणजे शेपू आणि पिठलं शिकले होते.

फाटक टपाल खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पत्रं निवडण्यात गेली. आता ते रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर होते. नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालते तेव्हा तिच्यावर नजर ठेवायला अशी समिती असते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियमाप्रमाणे एक असा माणूस लागतो ज्याला औषधातलं काही कळत नाही. ती जागा फाटकांची. ते ती मनापासून सांभाळत. बैठकीत असे प्रश्न विचारत की डॉक्टरांचा चहा गार होई.

फोन रुपाली गावंडेचा होता. मूळची अमरावतीकडची, तिशीची, या चाचणीची सगळी व्यवस्था तीच बघत असे. एरवी ती बोलायला लागली की थांबत नसे. आज तिने एवढंच सांगितलं की काका, लगेच या, आणि फोन ठेवला. फाटकांनी शेपू तसाच ओल्या फडक्यात गुंडाळला आणि निघाले.

चाचणी एमएसच्या औषधाची होती. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर स्वतःच्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. झटका येतो, ओसरतो, काही महिन्यांनी पुन्हा येतो. कधी पाय जड होतात, कधी डोळ्याला अंधारी येते. फाटकांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अस्मिताबाईंना तो एकवीस वर्षं होता. त्यांच्या वेळी दिवसाआड सुई असे आणि ती फाटकच टोचत. त्यामुळे समितीपुढे पोटात घ्यायचं नवं औषध आलं तेव्हा सर्वांत आधी हात त्यांचा वर गेला होता.

पुण्याच्या केंद्रावर चौदा रुग्ण होते, नावाऐवजी एक ते चौदा नंबरांनी ओळखले जाणारे. प्रत्येकाला दर महिन्याला दोन बाटल्या मिळत. एकीत पिवळ्या कॅप्सूल, म्हणजे नवं औषध. दुसरीत पांढऱ्या गोळ्या, म्हणजे बाजारात आधीपासून असलेलं जुनं औषध. गंमत अशी की प्रत्येकाच्या दोन बाटल्यांपैकी एकच खरी. दुसरी दिसायला हुबेहूब, पण आत औषध नाही. कोणाची कुठली खरी हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. रोज दोन्हींतली एकेक घ्यायची. म्हणजे औषधावाचून कोणी राहत नाही आणि दोन्ही औषधं कोणाला मिळत नाहीत.

निदान तसं ठरलं होतं.

चाचणीचे प्रमुख डॉक्टर आमोद देवधर खोलीत येरझाऱ्या घालत होते. त्यांनी सात आणि अकरा या दोघींना औषध थांबवायला सांगितलं होतं. कंपनीच्या निरीक्षक शेफालीबाई मुंबईहून फोनवर होत्या. त्यांचा आवाज गोड होता आणि म्हणणं सरळ होतं. औषधांची गडबड कुठे झाली ते शनिवारी चार वाजेपर्यंत कळलं तर ठीक, नाहीतर पुण्याचं केंद्र बंद. बाकीच्या बारा जणांच्या बाटल्याही परत. आणि बाटल्या रुपालीच्या हातून जात असल्यामुळे अहवालात पहिलं नाव रुपालीचं.

समितीतल्या इतरांना दवाखाने होते, कोर्ट होतं. चौकशी सर्वांत रिकाम्या सदस्याकडे आली.

२

फाटकांनी सुरुवात तळमजल्यावरून केली. चाचणीची औषधं तिथल्या एका कुलूपबंद कपाटात असत आणि कपाटावर बद्रीनाथ लोखंडे बसलेले असत. वीस वर्षं तिथेच असलेले औषधनिर्माते. त्यांच्या खिडकीवर पाटी होती, ‘चौकशी वरच्या मजल्यावर’. वरच्या मजल्यावर चौकशीची खिडकीच नव्हती.

फाटकांनी विचारलं की दोन रुग्णांच्या बाटल्या चुकून एकमेकांच्या पिशवीत गेल्या असतील का.

“प्रत्येक बाटलीच्या सीलवर नंबर छापलेला असतो,” बद्रीनाथ म्हणाले. “मी नंबर वाचतो, रुपाली वाचते, रुग्ण वाचतो. तिघं मिळून चुकायचं तर आधी मीटिंग घ्यावी लागेल.”

रिकाम्या बाटल्यांचंही तसंच. रुग्ण महिनाअखेरीस बाटल्या परत आणत, उरलेल्या कॅप्सूल आणि गोळ्या मोजल्या जात. सात नंबर आणि अकरा नंबर दोघींचा हिशेब तिन्ही महिने बरोबर. एक कॅप्सूल कमी नाही, एक गोळी जास्त नाही. शिवाय दोघींच्या तारखा वेगळ्या. एक सोमवारी येई, एक गुरुवारी. रुग्णालयात त्या कधी एकमेकींसमोर आल्या नव्हत्या.

कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे फाटकांनी सहज विचारलं. बद्रीनाथांनी उत्तर न देता एक वही पुढे सरकवली. टपालातल्या माणसाला सही वाचायला वेळ लागत नाही. तीन जुलै, दुपारी सव्वाएक ते दोन. किल्ली रुपालीने घेतली होती. त्या दिवशी सात आणि अकरा, दोघींच्या नव्या बाटल्या त्या कपाटात होत्या, आणि वहीप्रमाणे बद्रीनाथ एक वाजताच जेवायला गेले होते.

वर जाऊन फाटकांनी रुपालीला विचारलं. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली. त्या दिवशी परत आलेल्या बाटल्यांची मोजणी राहिली होती, म्हणून जेवण सोडून ती मोजत बसली होती, असं तिने सांगितलं. कोणी पाहिलं का, हे तिला ठाऊक नव्हतं, मोजताना तिने मान वर केली नव्हती.

“काका, हे चौदा लोक माझ्या फोनमध्ये नावाने नाहीत, नंबराने आहेत. पण कोणाच्या पोरीची परीक्षा कधी आहे ते मला पाठ आहे. मी कशाला यांच्या औषधात हात घालीन?”

फाटकांना तिचं म्हणणं पटलं. पण पटणं आणि सिद्ध होणं यात फरक होता, आणि वहीतली सही शेफालीबाईंनाही वाचता येत होती.

३

बुधवारी दुपारी ते विश्रांतवाडीला सात नंबरकडे गेले. डॉक्टरांनी फोन करून दोघी रुग्णांची परवानगी घेतली होती. रुपालीने दोन चिठ्ठ्यांवर दोन पत्ते लिहून, घड्या घालून दिले होते आणि बजावलं होतं की एकीचं नाव दुसरीकडे घ्यायचं नाही. दुसरी चिठ्ठी फाटकांनी उघडलीच नव्हती. ज्या दिवशीचं टपाल त्या दिवशी, ही त्यांची जुनी सवय.

सात नंबर म्हणजे उत्कर्षा काळमेघ. वय एकोणतीस, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल त्यांचे शिव्याशाप खायचे, असं तिने आपलं काम समजावून सांगितलं. घरून काम चालू होतं. टेबलावर दोन पडदे, त्यांवर हिरव्या-तांबड्या खुणांच्या रांगा.

सीलबद्दल विचारल्यावर तिने फोन पुढे केला. प्रत्येक नवी बाटली उघडायच्या आधी तिने सीलचा फोटो काढून ठेवला होता. “सवय आहे हो. नंतर कोणी म्हणायला नको की माझ्याकडे आलं तेव्हाच फुटलेलं होतं.” सहा बाटल्या, सहा अखंड सीलं, सहाही नंबर रुपालीच्या यादीशी जुळणारे. फाटकांनी एकेक टिक केली आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे बाटल्या रुग्णालयातून नीट निघाल्या होत्या. रुपालीने त्या पाऊण तासात काय केलं याला आता महत्त्व नव्हतं. जे झालं ते सील फुटल्यावर, घरात झालं होतं.

पण घरात म्हणजे कसं? एक विश्रांतवाडीत, दुसरी आणखी कुठेतरी.

उत्कर्षाने चहा केला आणि एका जड स्टीलच्या डब्यातून चकल्या काढल्या. शेवटच्या चारच उरल्या होत्या. हा डबा ओळखीच्या एका काकूंचा, रविवारी परत द्यायचाय, आणि रिकामा देता येत नाही म्हणून यात काय भरावं या विचारात आहे, असं ती म्हणाली. मग पडद्याकडे बघत तिने डावा डोळा चोळला.

“काय झालं?” फाटकांनी विचारलं.

काही नाही, नवा मॉनिटर बेकार आहे, असं ती म्हणाली. चुकांच्या तांबड्या खुणा दोन दिवसांपासून फिक्या, गुलाबी दिसत होत्या.

फाटकांनी तिला उजवा डोळा झाकून बघायला सांगितलं, मग डावा. उजव्या डोळ्याला लाल लाल दिसत होतं. मॉनिटर चांगला होता. अस्मिताबाईंना एका सकाळी आरशात कुंकू विटकरी दिसलं होतं, आणि डबी जुनी झाली म्हणून दोघांनी मंडईतून नवी आणली होती. डॉक्टरकडे जायला त्यात चार दिवस गेले होते. फाटकांनी तिथूनच देवधरांना फोन लावला. अर्ध्या तासात उत्कर्षा पिशवी भरून रिक्षात बसली होती. ती पिशवी भरत असताना आपल्या हातांना काहीतरी काम असावं म्हणून फाटकांनी रिकामी बशी उचलून आत ठेवली, डब्याचं झाकण लावलं, आणि लावता लावता त्यावर ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वाचली. वाचायचं म्हणून नाही, अक्षर दिसलं की ते वाचत.

‘सौ. वेणूबाई भागवत, वास्तुशांत, बिबवेवाडी, १९८९.’

रिक्षा गेल्यावर ते बसथांब्यावर आले. उद्या कुठली बस घ्यावी ते बघायला त्यांनी दुसरी चिठ्ठी उघडली. रुपालीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘अकरा नंबर. हेमा भागवत, बिबवेवाडी.’

४

बिबवेवाडीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. हेमा भागवत शाळेत गणित शिकवत. चाळिशीच्या, काटेकोर. फाटक दहा मिनिटं उशिरा आले हे त्यांनी घड्याळाकडे न बघता दाखवून दिलं. मे महिन्यात या जिन्यावर मी तीनदा बसत होते, आता एकदाही बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. मात्र महिनाभर अन्न नकोसं झालं होतं आणि चेहरा उतरला होता.

चाचणीतल्या दुसऱ्या कोणाला ओळखता का, असं विचारल्यावर त्यांनी सरळ नाही म्हटलं. “बावीस पानी माहितीपत्रक आहे. सोळाव्या पानावर लिहिलंय की आपण चाचणीत आहोत हे इतर रुग्णांना सांगू नये. मी सांगितलेलं नाही आणि विचारलेलंही नाही.”

फाटकांना खात्री पटली की ही बाई खोटं बोलत नाही. आणि डबा तर खोटं बोलूच शकत नव्हता.

औषधं कशी घेता, हे त्यांनी विचारलं. आठवड्याच्या सात खणांची एक प्लॅस्टिकची डबी होती. रविवारी संध्याकाळी ती आई भरतात, म्हणजे सासूबाई. बोटं कधी कधी आखडतात, कॅप्सूल निसटते, म्हणून हे काम त्यांनी घेतलं होतं. रविवारी सकाळी मंडईजवळच्या एका सभागृहात एमएसवाल्यांचा व्यायामवर्ग असतो, तिथेही त्याच सोबत येतात आणि बाहेर बाकावर बसतात.

वेणूबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ. फाटक विधुर आहेत हे कळल्यावर त्यांनी न विचारता बशीत दुसरा लाडू ठेवला. फाटकांनी घराचं कौतुक केलं. हॉलमध्ये भिंतीइतका मोठा नवा टीव्ही होता आणि तो जुन्या टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला होता. ओट्यावर दोन मिक्सर शेजारी शेजारी. फाटक बघताहेत हे वेणूबाईंच्या लक्षात आलं.

“मुलगा म्हणतो, आई, जुना टाक. चालतोय तो. नवीन आला म्हणून चालती वस्तू काय उकिरड्यावर टाकायची?” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारख्यांना तरी कळायला पाहिजे.”

फाटकांनी मान हलवली, लाडू संपवला, आणि डब्याबद्दल अवाक्षर न काढता उतरले.

शुक्रवारी सकाळी ते वॉर्डात उत्कर्षाच्या खाटेपाशी बसले. तिला स्टेरॉइडची सलाइन चालू होती आणि लाल रंग थोडा थोडा परत येत होता. फाटकांनी फक्त झाकणावरची ओळ म्हणून दाखवली. तिने डोळे मिटले आणि मग सगळं सांगून टाकलं.

वर्गाला ती लवकर पोचे आणि बाकावर वेणूबाईंशी गप्पा मारी. वेणूबाईंनी पहिल्याच भेटीत दोन बाटल्या, पिवळं, पांढरं, सगळं सांगितलं. हेमाताईंना यातलं काही माहीत नव्हतं. उत्कर्षाला आपल्याकडे नवं औषध आहे याची खात्री होती, कारण पहिल्या डोसच्या दिवशी सहा तास रुग्णालयात बसवून ठेवलं होतं तेव्हा तिची नाडी मंदावली होती, आणि नव्या औषधाने तसं होतं हे पत्रकात लिहिलेलं होतं. हेमाताईंची नाडी तशीच राहिली होती, हेही वेणूबाईंनीच सांगितलं होतं. उत्कर्षाला वर्षभरात झटका आला नव्हता. हेमाताई जिन्यात बसत होत्या. वेणूबाईंनी कधी काही मागितलं नव्हतं. पण बाकावर एकदा त्या सुनेच्या जिन्याबद्दल बोलल्या आणि उत्कर्षाला राहवलं नाही. मग दर रविवारी डबा जाई तो तिच्या आठवड्याच्या औषधाची पुडी घेऊन, आणि परत येई तो हेमाताईंची पुडी घेऊन. वर चकल्या, चिवडा, काय असेल ते. पुडीला पुडी, म्हणून मोजणी बरोबर.

म्हणजे उलगडा झाला होता. फाटक उठणार तेवढ्यात ती म्हणाली, “पण काका, रक्तात काय निघालं ते मला कोणी सांगत नाहीये. मी कॅप्सूल पण दिल्या आणि गोळ्या पण दिल्या. सगळाच्या सगळा सेट. मी टेस्टर आहे, अर्धवट अदलाबदल केली तर वाट लागते एवढं मला कळतं. तिचं जुनं औषध मी घेत होते, माझं नवं ती. मग मला झटका कसा आला?”

फाटक पुन्हा खाली बसले. तिचं बरोबर होतं. दोन्हींची अदलाबदल झाली असती तर दोघींच्या रक्तात एकेक औषध निघालं असतं, फक्त उलटं. एकीत दोन आणि एकीत शून्य, हे या हिशेबाने येतच नव्हतं. आणि शनिवार उद्यावर आला होता.

५

शनिवारी तीन वाजता देवधरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. बद्रीनाथ स्वतःचं स्टूल घेऊन आले आणि त्यावर स्वतःच बसले. हेमा आणि वेणूबाई शेजारी शेजारी होत्या. उत्कर्षा सलाइनची सुई हातात तशीच घेऊन वॉर्डातून आली होती. तिने आणि हेमाने एकमेकींसमोर बोलायला होकार दिला होता. रुपाली दाराला टेकून उभी. टेबलावर फोन, फोनमध्ये शेफालीबाई.

फाटकांनी अदलाबदलीची हकिकत थोडक्यात सांगितली. हेमा सासूकडे बघतच राहिल्या. वेणूबाई समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

“आता अडचण अशी,” फाटक म्हणाले, “की उत्कर्षाने कॅप्सूल आणि गोळ्या दोन्ही पाठवल्या. तिच्या कॅप्सूल खऱ्या, गोळ्या पोकळ. हेमाताईंच्या कॅप्सूल पोकळ, गोळ्या खऱ्या. हेमाताईंच्या रक्तात दोन्ही औषधं यायची तर एकच रस्ता आहे. उत्कर्षाच्या कॅप्सूल त्यांच्या पोटात गेल्या आणि स्वतःच्या गोळ्या घरातून बाहेर गेल्याच नाहीत. काल रात्री मी हे कागदावर मांडलं. कोणाच्या घरात नवं येतं पण जुनं बाहेर जात नाही, असा विचार केला, आणि मला दोन टीव्ही आठवले.”

वेणूबाईंनी कॅलेंडर सोडलं.

“जुन्या गोळ्या हेमाला मानवत होत्या,” त्या म्हणाल्या. “झटका तर येत नव्हता ना? पाय जड होते, एवढंच. मग त्या देऊन कशाला टाकायच्या? म्हटलं, नव्याने गुण येईल, जुनी आधाराला राहील. हिच्या पिवळ्या ठेवून घेतल्या आणि आमच्या पिवळ्या परत दिल्या. पांढऱ्या मात्र हिच्या होत्या त्याच हिला परत केल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. मला वाटलं, हिचं काही जात नाही. हिच्याच तर वस्तू हिला देत होते.”

“आणि त्यात काहीच नव्हतं, काकू,” उत्कर्षा हळूच म्हणाली.

वेणूबाईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचा चेहरा बघवेना. तीन महिने ज्या मुलीला त्या डब्यात चकल्या भरून देत होत्या, तिला त्या रोज उपाशी ठेवत होत्या.

हेमांनी एकच प्रश्न विचारला, तोही देवधरांना. हिचा डोळा पूर्ण बरा होईल का? देवधर म्हणाले की होईल, वेळेत आली. हेमा उठल्या आणि उत्कर्षाच्या बाजूला जाऊन बसल्या. जाताना आपली पर्स मात्र त्यांनी सासूच्या मांडीवर ठेवली होती, सांभाळायला.

फोनमधून शेफालीबाईंनी विचारलं की या आजींनी असं का केलं याबद्दल समितीचं मत काय नोंदवायचं. देवधरांनी फाटकांकडे पाहिलं.

“माझी बायको या आजाराने एकवीस वर्षं आजारी होती,” फाटक म्हणाले. “त्या बाकावर मी असतो तर मीही अदलाबदल केली असती. फरक एवढाच, की मी गोळ्याही दिल्या असत्या, आणि मग कोणी औषधावाचून राहिलं नसतं. तेव्हा आजींनी चूक केली हे नोंदवा. पण आणखी एक नोंदवा. औषध दिलं-घेतलं तर काय होईल हे बावीस पानांत कुठेही यांना कळेल अशा शब्दांत लिहिलेलं नाही. मी ते पत्रक मंजूर केलंय. दोनदा वाचून.”

बद्रीनाथांनी घसा खाकरला. सर्वांना वाटलं, आता काहीतरी लागट येणार. “किल्लीच्या वहीत माझी जेवणाची वेळ चुकीची आहे,” ते म्हणाले. “मी एकला नाही, दीडला गेलो होतो. पंधरा मिनिटं ही मुलगी मोजत बसलेली मी बघितली आहे. हे मला मंगळवारी कोणी विचारलं नाही.”

“मी विचारलं होतं,” फाटक म्हणाले.

“तुम्ही किल्लीचं विचारलंत.”

दाराला टेकलेली रुपाली पहिल्यांदा हसली, आणि लगेच डोळे पुसायला बाहेर गेली. घड्याळात चारला वीस मिनिटं कमी होती. शेफालीबाई म्हणाल्या की सोमवारी कळवते.

६

सोमवारी पत्र आलं. पुण्याचं केंद्र चालू राहणार होतं, रुपाली होती तिथे राहणार होती, आणि बाराही जणांच्या बाटल्या बुधवारी निघणार होत्या. सात आणि अकरा मात्र चाचणीतून बाहेर. देवधरांनी दोघींवर बाजारातल्या औषधाने उपचार सुरू केले. हेमांना पुन्हा भूक लागायला लागली. जिना त्या आता एकदाच बसून चढत होत्या आणि कितव्या पायरीवर बसल्या ते लिहून ठेवत होत्या.

पत्राच्या शेवटी एक अट होती. प्रत्येक बाटलीबरोबर घरच्यांसाठी अर्ध्या पानाची सूचना द्यायची, साध्या मराठीत. ती कोणी लिहायची यावर समितीत चर्चा झाली नाही. ज्याला औषधातलं काही कळत नाही तो एकच होता.

फाटकांनी ती चार वेळा लिहिली. पहिल्या तिन्ही वेळा ती टपाल खात्याच्या परिपत्रकासारखी झाली. चौथी घेऊन ते बिबवेवाडीला गेले आणि वेणूबाईंपुढे ठेवली. वेणूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

“‘दोन्ही बाटल्या मिळून एक औषध आहे. कुठल्या बाटलीत काय आहे ते कोणालाच माहीत नाही, आपल्यालाही नाही. यातलं काही दुसऱ्याला दिलं किंवा घेतलं तर एक जण औषधावाचून राहू शकतो आणि दुसऱ्याला दुप्पट जाऊ शकतं. द्यावंसं वाटणं साहजिक आहे. तसं वाटलं तर आधी रुपाली गावंडे यांना फोन करावा.’”

त्यांनी कागद पुन्हा एकदा मनात वाचला.

“हे कळतं,” त्या म्हणाल्या. “पण नंबर फार बारीक छापलाय. असं करावंसं वाटतं तेव्हा माणसाच्या डोळ्यांत पाणी असतं. मोठा छापा.” मग कागद परत देत, “आणि ती फोन उचलते का? दुपारी जेवायच्या वेळेला? मला नेहमी त्याच वेळेला सुचायचं.”

हे मात्र फाटकांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वाएक. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मधल्या टेबलावर, दोघांना ऐकू येईल असा ठेवून नंबर लावला.

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला. तोंडात घास असावा.

“बोला काका,” रुपाली म्हणाली. “सेंटर चालू आहे.”